दुपारचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि उभ्या आयुष्यात मी वीतभरसुद्धा पुढे गेलेली नाही. मला चाक एकच, तेही पत्र्याच्या डब्यात कोंडलेलं. घंटी नाही, कॅरिअर नाही, आणि ब्रेकची तर गरजच नाही. रस्त्यावरच्या सायकली मला आपल्यात घेतील की नाही, याची मला शंकाच आहे. पण माझ्यावर बसलेली काही माणसं फार लांबून परत आली, आणि काही आलीच नाहीत. म्हणून वाटलं, आपलीही हकिगत कुणाला तरी सांगावी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सांगाडा जोडला, राखाडी रंग दिला, हँडलवर छोटंसं मीटर बसवलं आणि झाले मी तयार. माझ्याबरोबरच्या सगळ्या व्यायामशाळांमध्ये गेल्या. तिथे मोठमोठे आरसे असतात, गाणी लागलेली असतात, असं ऐकून होते. माझ्या नशिबी मात्र रुग्णालयातली एक बंद खोली आली. पहिल्याच दिवशी मला इतक्या वेळा औषधाने पुसलं, की माझा नवा वास साफ उडून गेला.

ती खोली रक्ताच्या आजाराच्या माणसांसाठी होती. आपल्या हाडांच्या पोकळीत मगज, म्हणजे अस्थिमज्जा, असतो आणि तिथेच रक्त तयार होतं, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. काही जणांचा हा मगजच बिघडतो. मग जालीम औषधं देऊन तो पार पुसून टाकतात आणि दुसऱ्याने दिलेला चांगला मगज नळीतून रक्तात सोडतात. तो आपली जागा शोधून रुजेपर्यंत माणसाच्या अंगात लढायला कुणी शिपाईच नसतो. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला गाळलेल्या हवेच्या खोलीत आठवडेच्या आठवडे ठेवतात. तोंड सोलून निघतं, घास उतरत नाही, आणि पडून पडून पाय काटकुळे होतात.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांना एक प्रश्न पडला होता. या दिवसांत माणसाने रोज थोडं पायडल मारलं, तर हे सगळं सोसायला त्याला बळ मिळेल का? उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून संशोधन सुरू झालं. काही रुग्णांना सायकल द्यायची, काहींना नाही, बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. सायकल कुणाला मिळणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवायचा, म्हणजे कुणाचा वशिला नको. सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाई समोर उभ्या राहून पायडल मारून घ्यायच्या. दुपारी मात्र रुग्णाने आपल्या मनाने बसायचं. जमेल तेवढं करायचं, नाही जमलं तर सोडून द्यायचं. कोण किती करतो, ते माझं मीटर सांगणार होतं. मला या कामाचा भारी अभिमान वाटायचा.

आणि मग माझ्या खोलीत धाकटा आला. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. कामाने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. मगज त्याला त्याच्या ताईने दिला होता. तो आत सोडायचा त्या दिवशी मला वाटलं होतं, मोठी चिरफाड होणार, दहा डॉक्टर जमणार. प्रत्यक्षात एक लाल पिशवी टांगली, आणि ती थेंबथेंब रिकामी झाली. धाकटा फोनवर ताईला म्हणाला, "आता तुझा राग माझ्या अंगात येणार बघ." पलीकडून ताई हसली.

त्याच्या सोबतीला वडील राहायचे. ते गवंडी. सगळा जन्म परांचीवर चढण्याउतरण्यात गेलेला, त्यामुळे पाय म्हणजे नुसते खांब. तोंडावर मास्क, अंगात झगा, आणि हात इतके धुतलेले की सिमेंटने पडलेल्या भेगासुद्धा पांढऱ्या दिसत. गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. सारखं काहीतरी करायला हवं. उशी सरकव, पाणी ठेव, खिडकीची काच पूस. ती काच पुसण्यासारखी कधीच नसायची.

चिठ्ठीत सायकल आली, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता. समोरच्या खोलीतल्या बाईंना ती मिळाली नव्हती, म्हणून ते त्यांच्याबद्दल हळहळलेसुद्धा. फिजिओबाईंनी पहिल्या दिवशी सगळं नीट समजावलं होतं, पण त्या वेळी बापाचं सगळं लक्ष मुलाच्या खोकल्याकडे. त्यांनी आपली समजूत करून घेतली की सायकल म्हणजे मोठा उपचार, तो निवडक लोकांनाच मिळतो, आणि जो नीट चालवणार नाही त्याच्याकडून काढून घेतात.

पहिले काही दिवस धाकट्याने बरं चालवलं. मग औषधांचा तडाखा बसला. डोक्यावरचे केस उशीवर आले, तोंडात फोड उठले. सकाळी तो कसाबसा चार फेरे मारायचा. दुपारी औषधाच्या गुंगीत झोपून जायचा, आणि मी तशीच उभी राहायची. त्यात वाईट काहीच नव्हतं. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी मीटरवर शून्य राहावं, हेच तर बघायचं होतं.

एका दुपारी माझ्यावर कुणीतरी बसलं. पायडलवर पाऊल पडताच मी ओळखलं की हे पाय धाकट्याचे नाहीत. त्याचे बाबा बसले होते. मुलाकडे बघत, आवाज होऊ न देता, त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली. मीटरवर आकडा वाढत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मित्रांनो, मला पाय ओळखू येतात, पण सांगायला तोंड नाही. मीटरला तर पायही ओळखता येत नाहीत. ते बिचारं फिरेल तेवढं मोजतं.

फिजिओबाई खूश झाल्या. सकाळी ढेपाळणारा हा मुलगा दुपारी घोडा कसा होतो, याचं त्यांना नवल वाटायचं. त्या त्याला 'दुपारचा पैलवान' म्हणू लागल्या. धाकटा आधी गोंधळला. मग एका दुपारी त्याला मध्येच जाग आली. माझ्यावर वाकलेले, घामाने झगा पाठीला चिकटलेले आपले वडील त्याने पाहिले. त्याने पुन्हा डोळे मिटून घेतले. बाबांना कळलं नाही, मला कळलं. त्याने खरं सांगितलं असतं तर बापाची मान खाली गेली असती, आणि त्याला ते नको होतं. असे ते दोघं एकमेकांना सांभाळत बसले, आणि धाकटा किती खंगला आहे ते उपचार करणाऱ्यांना दिसेनासं झालं.

आकडे चांगले, म्हणून फिजिओबाईंनी माझा जोर वाढवला. पायडल जड झालं. आणि एका दुपारी, आपला पैलवान बघावा म्हणून, त्या अचानक खोलीत आल्या. सकाळचा रक्ताचा रिपोर्ट सायकलवर बसू देण्याइतका बरा होता, जेमतेम. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. धाकट्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, नळ्या बाजूला केल्या, आणि तो माझ्यावर चढला.

ते पाय मी विसरणार नाही. त्यात काही उरलंच नव्हतं. त्याने एक फेरा पुरा केला, दुसरा अर्ध्यावर आला, आणि तो पुढे कोसळला. त्याचं कपाळ माझ्या हँडलवर आदळलं. तुम्हाला अशा माराने टेंगूळ येतं. त्याच्या रक्तात ते थांबवणाऱ्या पेशीच फार थोड्या उरल्या होत्या. रक्त थांबेना. माझं हँडल भिजलं, लादी भिजली. घंटा वाजली, माणसं धावली, पिशव्या टांगल्या, डोक्यात आत रक्त साचलंय का ते बघायला त्याला खाटेसकट नेलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो, मी आणि बाबा. ते माझ्याकडे बघत उभे होते. मला तेव्हा माझी स्वतःची शिसारी आली.

फिजिओबाई परत आल्या. डोक्यात रक्त नाही, पण रात्र कठीण आहे, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, ते पाय माझे होते. दुपारचे सगळे माझे. त्याला काही बोलू नका."

बाईंनी माझ्या मीटरकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "का केलंत, काका?"

"आकडा कमी आला, की त्याचं नाव कापाल. सायकल न्याल. मग तो पडून राहील." खाट होती त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी हात केला. "त्याची आई अशीच पडून राहिली होती. आम्ही नुसते बघत बसलो."

बाई खुर्चीवर बसल्या. "आम्हाला मोठा आकडा नको होता हो. तो किती थकलाय ते कळायला हवं होतं. तो थकला असता तर आम्ही थांबलो असतो, खाणं नळीतून दिलं असतं. तुम्ही त्याचा थकवा लपवलात." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि मी आकडाच बघत बसले. त्याच्या तोंडाकडे बघायला हवं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी त्या सगळ्या दुपारी संशोधनातून काढून टाकल्या. बाबांना ते रागावले नाहीत, पण फिजिओबाईंबरोबर बराच वेळ बोलले. त्यानंतर दुपारी कुणीही बसायच्या आधी 'आज कसं वाटतंय' हे विचारून उत्तर लिहून घ्यायचं, असं ठरलं. धाकटा त्या रात्रीतून निभावून खोलीत परत आला, पण त्याचा ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. 'आणखी काही द्यायचं असेल तर मी तयार आहे,' असा ताईने फोन केला. ज्यांच्याबद्दल बाबा हळहळले होते त्या समोरच्या खोलीतल्या बाई माझ्यासारखी सायकल कधी न बघता आपल्या पायांनी चालत घरी गेल्या. बाबा काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले.

मला खोलीतून न्यायचं का, असं डॉक्टरांनी धाकट्याला विचारलं. त्याने मान हलवली. बोलताना त्याच्या ओठांना चिरा पडत होत्या, तरी तो बोलला, "राहू दे. मी आज बसणार नाही, तेही लिहा." मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, आता माझ्या वाटचं काही करू नका. नुसते बसा इथे."

आणि बाबा बसले. मित्रांनो, मी खूप माणसांना माझ्यावर घाम गाळताना पाहिलंय, पण इतके कष्ट करताना कुणाला पाहिलं नाही. हात मांडीवर, डोळे मुलाच्या चेहऱ्यावर. काच पुसायची नाही, उशी सरकवायची नाही. तो कण्हला की ते उठायचे आणि पुन्हा बसायचे. फिजिओबाई येऊन शून्य लिहायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. शून्य ऐकताना बाबांचा जबडा घट्ट व्हायचा, पण त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग एका सकाळी रिपोर्टात नव्या पेशी दिसल्या. ताईचा मगज रुजला होता. डॉक्टरांनी काचेपलीकडून अंगठा वर केला. धाकटा लगेच उठला वगैरे नाही. त्यालाही बरेच दिवस गेले. एका दुपारी तो स्वतःहून म्हणाला, "बाबा, जरा पाठीला हात लावा." फिजिओबाई शेजारी उभ्या राहिल्या, माझा जोर पार कमी केला. त्याने पायडलवर पाय ठेवले. एक फेरा. श्वास. आणखी एक. बाबांचा हात त्याच्या पाठीवर होता. त्यांचे पाय जमिनीवर अगदी घट्ट रोवलेले होते. शून्याचे दिवस आणि तो कोसळला तो दिवस सोडला, तर आयुष्यात माझ्या मीटरवर उमटलेला तो सर्वांत लहान आकडा असेल.

"लिहा बाई," बाबा म्हणाले. "एवढंच झालं. पण सगळं त्याचं आहे."

धाकटा पुढे घरी गेला. संशोधनही पुरं झालं. रोज थोडं पायडल मारणारे जरा कमी थकतात, घरी जाताना जरा ताठ चालतात, असं त्यात निघालं. मरण टळतं असं काही निघालं नाही, आणि डॉक्टरांनी ते तसंच लिहिलं. आता माझ्याहून हलक्या, चकचकीत सायकली आल्या आहेत. मी वऱ्हांड्याच्या टोकाला उभी असते. माझ्या हँडलवर कुणी ना कुणी ओला झगा वाळत घालतं. कधी वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं, तर त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. 'आज नाही जमत' असं तो म्हणाला, तर ते डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोहोचू द्या. त्याच्या वाटचं पायडल मारायला धावू नका. त्याच्या शेजारी बसा. ते किती अवघड असतं, ते मी एका गवंड्याच्या हातांत पाहिलं आहे.