हवामान वगळून

"थांब, थांब!" रोंडानं कॅमेरा बंद करून कपाळावर हात मारला. "नेटी, अगं पुन्हा थंडी?"

"मग काय करू? बाहेर उणे तीस आहे. तोंड उघडलं की तेच येतं."

यात नेटी प्रोकोपचुकचा तरी काय दोष! कॅनडातल्या सास्काचेवानच्या माळावर जन्म गेलेली बाई. तिथं माणसं मयताला गेली तरी आधी हवेचं बोलतात, मग गेलेल्याचं. वर्गातही तिचा तास हवेवरून सुरू व्हायचा आणि हळूच मातीवर यायचा. विद्यापीठात ती मृदाशास्त्र शिकवायची, तेही दर वर्षी नव्या करारावर. आता वर्गात पोरं येईनाशी झाली होती. विषय दूरशिक्षणात गेला तरच टिकेल, असं विभागप्रमुख गार्थनं बजावलं होतं. म्हणजे नेटीची नोकरी या कॅमेऱ्यावर अवलंबून.

धडे तयार करून घ्यायचं काम रोंडाचं. तिचा नियम एकच: हवा नाही, तारीख नाही, 'काल' नाही, 'आज' नाही. "धडा पाच वर्षं चालायचाय. जुलैत बघणाऱ्याला तुझी थंडी कशाला?"

बऱ्याच खेपांनंतर नेटीनं थंडी गिळली आणि धडा सरळ निघाला. तो पाहून गार्थ स्वतः स्टुडिओत आला, एकदम खुशीत.

"झकास! असे बारा करून टाक. मग पुढच्या वर्षीपासून तू सुटलीस बघ. पोरांच्या शंकांना उत्तरं द्यायला तासाच्या पैशावर कुणीही मिळेल."

"सुटले म्हणजे?"

"म्हणजे... कराराची गरज नाही ना उरणार." आपण काय बोललो ते आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे," असं पुटपुटत त्यानं काढता पाय घेतला.

रोंडा भडकली. "मेला! नेटी, ऐक माझं. दर धड्यात थंडी घाल, वादळ घाल, कालची बातमी घाल. वर्षात शिळे होतील. झक मारत बोलावतील तुला!"

नेटीला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. मोह पडला, खोटं कशाला बोला! जिरवावी एकदा यांची. पण तिला तिच्या वर्गातली लोरेन आठवली. बाप अंथरुणाला खिळला, गाई व्यायला लागल्या, तसं लांबच्या शेतावरच्या त्या पोरीनं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. या धड्यांसाठी तिनंच पहिलं नाव घातलं होतं. जमेल तसं, दोन-तीन वर्षांत पुरं करीन म्हणाली होती. वर्षात धडे बाद झाले तर तिचं पुन्हा अर्ध्यावरच राहणार.

"लाव कॅमेरा."

"अगं, पण तू..."

"लाव म्हणते ना!"

नेटीनं केस सारखे केले. दिवा लागला. ओठांवर आलेली थंडी तिनं आवरली.

"ओंजळभर माती घ्या," ती म्हणाली. "थोडं पाणी शिंपडा. मळा. घाई नाही, मी थांबते."

आणि समोर कुणी नसताना ती थांबली.