बेचाळीसचं साल

पुनमने वनहक्क दाव्याच्या कागदांत मी लिहिलेली घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका जोडली आहे, हे मला ग्रामसभेतच कळलं.

भामरागडजवळच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी चार एकर वनजमीन कसते. त्या जमिनीचा पट्टा हवा, तर आदिवासी नसलेल्यांना २००५च्या आधीचा पंचाहत्तर वर्षांचा, तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. तो होता. माझे आजोबा नथ्थू लोनबले एकोणीसशे पंचवीसच्या सुमारास सिंदेवाहीकडून इथे आले, झाडोरा तोडून धानाच्या बांध्या केल्या आणि सुकरी पुंगाटी या माडिया आदिवासी मुलीशी संसार मांडला.

साक्षीला सुकरीचा भाचा बिरजू आला होता, पंच्याऐंशीचा.

"नथ्थू आला तवा माया बाप पोरगा होता, ढोरं चारे," तो म्हणाला. "आत्या मेली त आमीच तिचा दगड उभा केला. जाऊन पाहा."

आपल्या मेलेल्या माणसासाठी माडिया असा दगड उभारतात.

वनहक्क समितीच्या सचिवाने पुस्तिका उघडली. "इथी त लिवलं हाय, नथ्थू बेचाळीसच्या चिमूरच्या लढ्यानंतर जंगलात लपायले आले. म्हंजे पंचाहत्तर वर्सं भरत नाईत. बायको कमळा, माहेर चिमूर. मंग तो दगड कोनाचा?"

पुनम माझ्याकडे पाहू लागली. "छापील हाय म्हनून जोडलं, काका."

बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी ते लिहिलं. सोयरिकी जुळवताना लोक आजीचं माहेरचं आडनाव विचारत आणि मी खाली पाहत असे. कमळा नावाची बाई कधी नव्हतीच. बेचाळीसचं साल तिला शोभून दिसलं, म्हणून घातलं. एवढं एकच लिखाण मला बरं जमलं, असं वाटायचं.

मी उठलो. "ते खोटं आहे," कसंबसं म्हणालो. "मीच रचलं."

"तवा खोटं बोलले का आता बोलून राह्यले, सर?" सचिव म्हणाला. मागे दोघं-तिघं हसले.

बिरजू हसला नाही. त्याने काठी उचलली. "पोरी, तुयासाठी आलतो मी. पन ज्या घरानं माया आत्याले पुसून टाकलं, त्या घरासाठी अंगठा नाई देत."

दावा नामंजूर झाला.

परतताना आजीचा दगड लागला. मी थांबलो. पुनम थांबली नाही.

"काका," ती मागे न पाहता म्हणाली, "तुमी काईच लिवलं नसतं, त चाललं असतं."