वांजिनाचे रंग वाटणारा दगड

मित्रांनो, मी रंग वाटायचा एक जुना दगड आहे. ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीच्या डोंगरात, कातळाच्या एका कपारीत मी राहतो. समोरच्या भिंतीवर वांजिना आहे, आमचा पावसाचा आदिपुरुष. त्याने नद्या केल्या, पाऊस आणला आणि काम संपल्यावर तो याच कातळात आडवा झाला. भिंतीवरचे चित्र म्हणजे तो स्वतःच. म्हणून ते विटू द्यायचे नसते, पुन्हा पुन्हा रंगवायचे असते.

हे काम ज्या म्हाताऱ्याकडे होते, त्याचे नाव मी घेणार नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत. दर वर्षी पावसाआधी तो नात मॉडीला घेऊन यायचा आणि वांजिनाला बाहेरूनच हाक द्यायचा, "आम्हीच आहोत रे बाबा! पोरीला आणलंय, चिडू नकोस." मग माझ्यावर पांढरी माती आणि कोळसा वाटला जायचा. वाटून वाटून माझ्या पोटाला खळगा पडला. मला त्याचा अभिमान वाटे.

"आजोबा, याला तोंड का नाही?" मॉडीने एकदा विचारले.

"तोंड दिलं तर पाऊस थांबायचाच नाही. तुझं तरी कुठे थांबतंय? वाट मुकाट्यानं!"

पुढे गोऱ्यांनी सारी वस्ती ट्रकमध्ये घालून दूरच्या मिशनवर, पाद्र्यांच्या वसाहतीत, नेली. मग कोणीच आले नाही. रंगाचे पोपडे सुटले. गांधीलमाश्यांनी वांजिनाच्या डोळ्यांवर मातीची घरे बांधली. मोकाट गुरे भिंतीला अंग घासू लागली. एका गाईच्या धक्क्याने मी पालथा पडलो, तो तसाच राहिलो.

साठ वर्षांनी मॉडी आली, काठी टेकत. सोबत भाचा क्लेमंट होता. हाक द्यायला तिने तोंड उघडले, पण शब्द येईनात. मिशनवर आपली भाषा बोलले की मार बसायचा, ती भाषा जिभेवरून पुसली गेली होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "मी मॉडी. उशीर झाला."

तिने मला सरळ केले. "क्लेमंट, पांढरी माती आण."

"आत्या, माती मिळते तिकडच्या वाटेवर फाटक आहे, कुलूप लावलेलं. ती जमीन आता गुरांच्या मालकाची, तो म्हणतो, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी चालती असेन का रे?"

 क्लेमंटने माश्यांची घरे हळूच काढली. मॉडीने नुसता कोळसा वाटला आणि बोटाने डोळे तेवढे काळे केले. बाकीचा वांजिना फिकटच राहिला. भिंतीला कपाळ टेकून ती खूप वेळ रडली.

यंदा क्लेमंट एकटाच आला. मॉडी अंथरुणाला खिळली आहे, आणि फाटक अजून बंद आहे. तो रिकाम्या हातांनी माझ्याशेजारी बसला आणि उठून गेला.

मित्रांनो, पाहुणे येतात, फोटो काढतात, "किती सुंदर!" म्हणतात. कौतुकाने चित्र जगत नाही. त्याला त्याची माणसे लागतात. तुमच्या मुलखात असे काही असेल, तर ज्यांचे ते आहे त्यांना तिथवर जाऊ द्या. त्यांचे हात चालते आहेत, तोवरच जाऊ द्या.