मागचा डावा टायर

नवीन अपघातात गेला, त्याला सव्वा महिना झाला, तेव्हा त्याच्या बायकोने, नूतनने, साकिबला धुळ्याला बोलावले. "गाडी घरामागे आणून ठेवलीय. पंचनामा झालाय. टायर का फुटला, एवढंच मला बघून सांगा."

साकिबचे नशिराबादजवळ हायवेवर गॅरेज होते. जुन्या गाड्या घेऊन लोक लांबून येत. नवीनची पन्नास वर्षांची दोन दारांची स्पोर्ट्स कार चार वर्षे खपून त्यानेच उभी केली होती. शेवटी नवीनने रुंद रिम आणि रुंद टायर आणले आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. तेव्हापासून तक्रार सुरू झाली. शेजारी कोणी बसले, की मागच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येई.

साकिबने मडगार्डची आतली कड ठोकून वर दुमडली. आवाज थांबला. तरी स्प्रिंग काढून, चाक जॅकने पूर्ण वर चढवून बघायला हवे होते; गाडी अगदी दबल्यावर टायर कुठे टेकतो, ते तेव्हाच कळते. त्याला अर्धा दिवस लागला असता.

"आवाज गेला ना? मग झालं," नवीन म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचे होते. साकिबने किल्ली दिली.

त्याच दिवशी गॅरेजमधून धुळ्याकडे परतताना, पारोळ्याच्या अलीकडे पुलाच्या चढावर गाडी आपटली, टायर फुटला आणि गाडी झाडावर गेली.

नूतनने ताडपत्री ओढली. साकिबला सीटकडे बघवले नाही. तो सरळ मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला आणि टॉर्च लावली. टायरच्या बाहेरच्या अंगाला एक खोल, सरळ चीर होती. मडगार्डच्या आत, दुमडलेल्या कडेच्या मागे, बंपरचा एक बोल्ट अर्धा इंच बाहेर आलेला. त्याच्या टोकाला काळे रबर चिकटले होते.

तो तसाच पडून राहिला. गाडी वेगात होती, असे म्हणता आले असते. सगळे तेच म्हणत होते.

"वहिनी," तो उठत म्हणाला, "टायर बोल्टने फाडला. तो बोल्ट मला दिसायला हवा होता. मी शेवटची तपासणी केलीच नाही."

नूतन भिंतीला टेकली.

"त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. लवकर या म्हणून. आई म्हणतात, तू फोनवर भांडलीस म्हणून तो गेला. माझ्याशी बोलत नाहीत." मग म्हणाली, "हे त्यांच्यासमोर सांगाल?"

नवीनची आई, इंदिराबाई, पुढच्या ओट्यावर बसल्या होत्या. साकिबने उभ्यानेच सगळे सांगितले. बोल्टचेही, किल्ली दिल्याचेही.

"तुले माहीत व्हतं?" त्यांनी विचारले.

"शंका होती, अक्का."

"मंग त्याले सांगं काबर नही?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"टायर फुटना तवय मना पोऱ्याले समजनं व्हई का?"

"नाही अक्का. पापणी लवायच्या आत झालं."

रस्त्यावर ब्रेकचे काळे पट्टे थेट झाडापर्यंत गेले होते. साकिबने ते स्वतः पाहिले होते.

इंदिराबाईंनी मान हलवली. मग नूतनकडे न बघता म्हणाल्या, "तू कसाले उभी शे? बस."

नूतन बसली, पण लांब, खालच्या पायरीवर.

परतताना साकिब वाटेत पोलीस ठाण्यात शिरला. अपघाताबद्दल जबाब द्यायचा आहे, म्हणाला. साहेब जेवायला गेले होते. तो बाकावर बसला. थोड्या वेळाने गॅरेजमधून फोन आला. रुंद टायर बसवायला कोणीतरी आले होते.

"परत पाठव," तो म्हणाला आणि फोन बंद करून ठेवला.