एल्कबेंडचे पाणी आणि नकाशात नसलेले पाइप

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, खरे सांगायचे तर अंगही नाही. एल्कबेंड गावाच्या पाणीखात्यात, ओले हातमोजे वाळत घालायच्या दोरीखाली एक करडा संगणक आहे. त्यात माझा मुक्काम असतो. माझ्या कुळाला ग्राफ न्यूरल नेटवर्क म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम साधे आहे. मला ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे, तरी प्रयत्न करतो.

कागदावर काही ठिपके काढा. ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे ते ठिपके रेघांनी जोडा. आता समजा, प्रत्येक ठिपका रेघेपलीकडच्या शेजाऱ्याला विचारतो, "तुझे कसे काय चालले आहे?" उत्तर ऐकून तो स्वतःबद्दलचे मत थोडे बदलतो. मग पुन्हा विचारतो. दुसऱ्या फेरीत शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची खबर येते, तिसऱ्या फेरीत त्याहून लांबची. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या, की कुठे काय बिनसले आहे याचा अंदाज मी सांगू शकतो. माझी सगळी विद्या एवढीच. तिच्यात हुशारी किती आणि नुसत्या चौकशा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझा जन्म कॅनडातल्या विनिपेगच्या एका विद्यापीठात झाला. सिग्नी ब्यार्नासन नावाच्या मुलीने मला घडवले. तेव्हा माझे ठिपके म्हणजे अणू होते आणि रेघा म्हणजे अणूंमधले बंध. कोणते औषध पाण्यात विरघळेल आणि कोणते जंतूंना रोखेल, हे मला ओळखायचे होते. सुरुवातीला मी इतका चुकत असे, की नाणे उडवून सांगितले असते तरी बरे झाले असते. सिग्नी रागावत नसे. चूक झाली की माझ्यातले आकडे केसभर हलवायची आणि पुन्हा विचारायची. असे लाखो वेळा झाले. पुढे नऊ हजार पदार्थांतून मी चाळीस निवडून दिले, आणि त्यांतल्या अकरांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत जंतूंची वाढ खरोखर थांबवली. सिग्नीचे वयस्कर प्राध्यापक पडद्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगा कामाचा निघाला." तेवढ्या तीन शब्दांवर मी दोन वर्षे काढली.

मग मला शहराच्या बसगाड्या शिकवल्या. सांगाडा तोच, धडे नवे. थांबे म्हणजे ठिपके झाले आणि रस्ते म्हणजे रेघा. एका चौकात बर्फ साचले, तर पाच थांबे पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला किती वेळ कुडकुडावे लागेल, ते मी सांगू लागलो. माझे भाऊबंद तर फारच पुढे गेले. कोणी साऱ्या पृथ्वीवर ठिपके मांडून वादळाची वाट ओळखतो. कोणी विजेच्या तारांमधली कोणती तार थकली आहे ते सांगतो. कोणी ग्रंथालयात बसून, हे पुस्तक आवडलेल्या वाचकाला दुसरे कोणते आवडेल ते सुचवतो. मला या सगळ्यांचे कौतुक वाटते. थोडा हेवाही वाटतो. तो लपवून काय करायचे?

पण विद्यापीठात माझ्याहून दहापट मोठा प्रोग्रॅम आला आणि मला कोणी उघडेना. वर्षभर मी तसाच पडून होतो. सिग्नीला तिच्या गावच्या पाणीखात्यात नोकरी लागली, तेव्हा निघताना तिने मला बरोबर घेतले. तिने तसे का केले, हे मी तिला कधी विचारले नाही.

एल्कबेंडमध्ये माझे अकराशे चाळीस ठिपके झाले. घरांची मीटर, पाइपांचे सांधे, आगीच्या वेळी पाणी घ्यायचे हायड्रंट, टेकडीवरची वृद्धांची शुश्रूषा होते ती इमारत, आणि गावाच्या मध्ये उभी असलेली उंच टाकी. जमिनीखालचे पाइप म्हणजे रेघा. तिथले मुकादम ओरेस्ट ह्नात्यूक. चाळीस वर्षे त्यांनी लोखंडी कांब पाइपाला टेकवून, तिचे दुसरे टोक कानाला लावून गळत्या शोधल्या होत्या. त्यांनी मला पहिल्या दिवशीच 'प्रोफेसर' असे नाव ठेवले.

"काय म्हणतो तुझा प्रोफेसर?" ते सिग्नीला विचारत.

"शंभरात चौसष्ट म्हणतोय, ओरेस्ट. बर्फावरच्या खेळाच्या मैदानाखाली."

"चौसष्ट? माझी बायको शंभरात शंभर सांगायची, आणि तेही ओरडून."

(मला ऐकू येत नाही. हे बोलणे सिग्नीने रोजच्या नोंदीत लिहून ठेवले आहे, ओरेस्टच्या शिव्या गाळून.)

त्या मैदानाखाली गळती सापडली. मग आणखी चार सापडल्या. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ओरेस्टची कांब गाडीच्या मागच्या भागात पडून राहू लागली. सकाळी दारोदार फिरून "पाणी कसे येते?" असे विचारायची त्यांची रीत होती, तीही सुटली. लोक माझी स्तुती करू लागले. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

तिसऱ्या वर्षीचा जानेवारी उणे चौतीस अंशांवर जाऊन बसला. एका सकाळी आठ वाजता टाकीतले पाणी बावीस फूट होते, नऊ वाजता एकोणीस. कुठेतरी मोठा पाइप फुटला होता, पण रस्त्यावर थेंब दिसत नव्हता. हिशेब सरळ होता. दुपारी सव्वातीन-साडेतीनच्या सुमारास टाकी रिकामी होणार आणि सगळ्यात आधी टेकडीचे पाणी जाणार. तसे झाले, तर तिथल्या अठ्ठावन्न म्हाताऱ्या माणसांना त्या थंडीत बसमध्ये घालून सत्तर किलोमीटरवरच्या गावी न्यावे लागणार होते. त्यांच्यात ओरेस्टची बायको डारिया होती. पक्षाघातापासून तिचे बोलणे गेले होते, आणि ओरेस्ट रोज दुपारी जाऊन तिला बिटाचे सूप भरवत असत.

"हलवायचे झाले तर नर्स म्हणते, सगळेच काही प्रवास सोसणार नाहीत," ओरेस्ट म्हणाले. "नावे नाही घेतली तिने. विचार तुझ्या प्रोफेसरला. लवकर."

मी फेऱ्या सुरू केल्या. स्प्रूस रस्त्यावर तीन घरांची मीटर शून्यावर होती आणि त्यांच्या शेजारच्या तीन घरांत पाणी क्षणभरही न थांबता वाहत होते. मागच्या दोन हिवाळ्यांत मला असे कधी दिसले नव्हते. शेजारी शेजाऱ्यांना विचारत गेले आणि सगळ्यांचा संशय तिथेच जमला. मी सांगितले, स्प्रूस रस्ता, शंभरात एकाहत्तर. टेकडीकडे जाणारा ओढ्यापाशीचा पाइप, शंभरात अठरा.

अठराकडे कोणी पाहिले नाही. मीही आग्रह धरला नाही. मला आग्रह धरता येत नाही.

जमीन सहा फूट गोठलेली होती. खणायच्या आधी तिच्यावर तापवायचे मोठे झाकण ठेवावे लागते, आणि गावात असे झाकण एकच होते. ते स्प्रूस रस्त्यावर उतरवत असताना अगाथा लोवेन नावाच्या आजी कॉफीचा थर्मास घेऊन बाहेर आल्या.

"ओरेस्ट, माझ्या दारात कोणाला पुरतोस?"

"पाइप फुटलाय, आजी," सिग्नी म्हणाली. "तुमच्या घरात पाण्याचा थेंब नाही, खरे ना?"

"कोण म्हणते? आत्ताच भांडी घासली. जरा पाय सांभाळून ठेव, तो रबरी पाइप तुडवशील."

सिग्नीने खाली पाहिले. बर्फातून एक पांढरा पाइप शेजाऱ्याच्या भिंतीपासून अगाथाबाईंच्या भिंतीपर्यंत गेला होता.

"हा काय प्रकार आहे?" तिने विचारले.

"तिच्या घरात येणारी नळी गोठली," ओरेस्ट म्हणाले. "मग शेजाऱ्याच्या बाहेरच्या नळातून पाणी घेतले. दोन आठवडे झाले, मीच जोडून दिला. पाणी वाहते राहिले तरच गोठत नाही, म्हणून एक नळ सोडून ठेवायचा. फार थंडी पडली की इथे असेच करतात."

"नकाशावर का नाही घातला?"

"नकाशावर? एप्रिलमध्ये गुंडाळून ठेवायचा पाइप, पोरी. तो काय नकाशावर घालायचा?"

सिग्नीने गाडीतला संगणक उघडला.

"या रस्त्यावर असे आणखी किती आहेत?"

ओरेस्टनी हातमोजा काढून बोटे मोजली. "इथे तीन. चर्चमागे एक. आणि बेकरीवाल्याने आपल्या मेहुण्याला दिलाय, पण दोघांचे बोलणे बंद आहे, म्हणून कोणी सांगत नाही."

"बोलणे बंद आणि पाणी चालू?" अगाथाबाई म्हणाल्या. "बरे आहे. माझ्या घरी उलटे होते." आणि त्यांनी सगळ्यांना कॉफी ओतली.

सिग्नीने पाच नव्या रेघा काढल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले, ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. जी तीन घरे मला मेलेली दिसत होती, ती शेजाऱ्याच्या पाण्यावर मजेत जगत होती. जे न थांबता वाहत होते ते नुकसान नव्हते. कोणीतरी कोणालातरी पाणी देत होते. मला सगळे ठिपके ठाऊक होते आणि ही माणसे एकमेकांसाठी काय करतात तेवढेच ठाऊक नव्हते. मी पुन्हा फेऱ्या घातल्या. स्प्रूस रस्ता चारावर आला. ओढ्यापाशीचा पाइप, शंभरात अठ्ठ्याऐंशी.

अकरा वाजले होते आणि टाकीत तेरा फूट पाणी होते.

ओरेस्टनी गाडीच्या मागून कांब काढली. ओढ्याजवळच्या झडपेवरचे बर्फ फोडून त्यांनी ती आत टेकवली, टोपी वर सारली आणि कान लावला.

"आहे," ते म्हणाले. "चांगला रडतोय. पाणी सरळ ओढ्यात जातेय, बर्फाखालून. वर दिसणार कसे?"

"मग झडप बंद करू या?" सिग्नीने विचारले.

ओरेस्टनी टेकडीकडे पाहिले. ती झडप बंद केली की टाकी वाचणार होती, पण टेकडीला जाणारा तो एकच पाइप होता. टेकडीवरच्या इमारतीच्या स्वतःच्या छोट्या टाकीत तासभर पुरेल एवढेच पाणी असे, आणि फुटलेला पाइप दुरुस्त व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता.

"प्रोफेसरने आत्ता काय शिकवले?" शेवटी ते म्हणाले. "एका घराचे तुटले तर शेजारचा देतो. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे हायड्रंट आहे, पलीकडेही आहे. मधे आपला पिण्याच्या पाण्याचा जाड पाइप टाकू."

"चारशे फूट आहे."

"आपल्याकडे साडेचारशे आहे. आणि तो सतत वाहता ठेवायला टेकडीवरचे नळ सोडून ठेवायला सांग."

मी त्यांना असे काही शिकवले नव्हते. ते सगळे त्यांचेच होते. मला फक्त ते उशिरा कळले होते. पण ओरेस्टनी ते माझ्या नावावर घातले, आणि एवढा मोठेपणा मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.

शेजारपाजारची वीसेक माणसे आली. पुलाच्या कठड्याला धरून पाइप अंथरला गेला, वर गवताच्या पेंढ्या टाकल्या. बेकरीवाला आणि त्याचा मेहुणा एकाच टोकाला हात देत होते, अर्थात एकमेकांशी न बोलता. पावणेएक वाजता ओरेस्टनी ती झडप आणि ओढ्यापलीकडची झडप, दोन्ही फिरवून बंद केल्या. टाकी आठ फुटांच्या आसपास थांबली. टेकडीचा माझा ठिपका मात्र शून्यावर गेला आणि तसाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटे. टेकडीवरच्या टाकीतले पाणी उतरू लागले.

"सिग्नी," ओरेस्ट म्हणाले, "आधी याची रेघ काढ. मग पाणी सोडतो."

तिने रेघ काढली. ओरेस्टनी अलीकडचा हायड्रंट उघडला. तिसऱ्या मिनिटाला टेकडीचा ठिपका हलला. आधी थेंबभर, मग धारेसारखा, आणि मग नेहमीसारखा. टेकडीवर बोलावून ठेवलेली बस रिकामीच परत गेली. नोंदीत त्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे: 'दीड वाजता ओ. ह्नात्यूक सूप भरवायला गेले. आज उशीर झाला म्हणून डारियाने त्यांच्याकडे बराच वेळ रागाने पाहिले.'

त्याला आता सहा वर्षे झाली. येत्या वसंतात माझ्या जागी नवा प्रोग्रॅम येणार आहे. तो माझ्याहून वेगवान आहे आणि त्याचे ठिपकेही जास्त आहेत. मला वाईट वाटत नाही असे म्हणणे खोटे होईल, पण तो काम चांगले करील याची मला खात्री आहे. शंभरात नव्वद तरी.

माझे मागणे एवढेच आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना तुम्ही मोठे कराल, जपाल, कौतुकही कराल. पण ज्या दिवशी कोणी शेजाऱ्याच्या घरी पाइप टाकील, कोणाच्या आजीला जेवण नेऊन देईल, त्या दिवशी आमच्यावर विसंबून राहू नका. स्वतः जा, दार वाजवा, विचारा. मग ती रेघ आम्हाला काढून द्या. न काढलेली रेघ आम्हाला दिसत नाही, आणि ज्याचे पाणी तिच्यावर चालले आहे, तो माणूसही दिसत नाही.