पुसलेली सात नावं

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. आज काळाठिक्कर दिसतो, पण समुद्रात होतो तेव्हा मधासारखा पिवळा होतो. पाणबुड्यानं मला तळातून कापलं आणि फिरत फिरत मी तत्त्वज्ञ नियोक्लीस यांच्या मेजावर आलो.

धनी थोरामोठ्यांची चरित्रं लिहीत. एका ग्रीकाचं, त्याच्या जोडीला एका रोमनाचं. चुकलेला शब्द ओल्या अंगानं पुसायचा, एवढंच माझं काम. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुगून जायचो.

तळ्यातले वाम मासे विकणारी मेलिता एकदा आली. तिच्या लहानपणी एका रोमन सेनापतीनं तिची वाडी जाळली होती, सात कोळी मारले होते. धन्यांनी ती हकीकत नावांसकट सेनापतीच्या चरित्रात लिहिली. आता मी मरायला मोकळी, असं म्हणून म्हातारी घरी गेली.

मग निरोप आला, की सेनापतीचा नातू विबियस चरित्र ऐकायला येतोय. मोठा अधिकारी! धन्यांचं अवसान गळालं. "विषाची परीक्षा कशाला?" असं पुटपुटत त्यांनी मला उचललं. होती एकच प्रत. मी वाडी पुसली, साती नावं पुसली. काम किती स्वच्छ झालं म्हणून खूशही झालो. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अंगणात वाचन झालं. मेलिता मागे कान देऊन बसली होती. विबियस पुढे सरकला.

"शेवटच्या दुखण्यात आजोबा त्या वाडीचंच नाव घ्यायचे," तो म्हणाला. "गुरुजी, मी तेवढंच ऐकायला आलो होतो. तुम्ही तेच गाळलंत?"

धन्यांची मान खाली गेली. बोरू घेऊन ते तसेच मेलितेपाशी जाऊन बसले.

"मावशी, पुन्हा सांगा. आत्ता लिहितो."

ती बोटांवर मोजू लागली. पाच नावं आली. सहाव्या बोटाशी ती थांबली, ती थांबलीच.

"तू लिहून घेतलीस ना, म्हणून मी निर्धास्त झाले रे," ती म्हणाली. "डोक्यातून सोडून दिली."

त्या पानावर दोन जागा अजून कोऱ्या आहेत. ती नावं माझ्या पोटात आहेत. धनी मला अधूनमधून वाडग्यावर पिळून बघतात. नुसतं काळं पाणी येतं.

मित्रांनो, मला जपा असं कुठल्या तोंडानं म्हणू? पुसायला हात उचलाल तेव्हा एवढंच बघा, की ते पुसायला तुम्हाला खरंच कोणी सांगितलंय का.