मागचं डावं चाक

डॉक्टरांच्या घरात बोलणी खायला नशीब लागतं, असं त्यांच्या जावयाचं प्रामाणिक मत होतं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, तरी सासूबाईंसकट सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. आयुष्यभर पेशंटांशी ते इतक्या मऊ आवाजात बोलले होते, की सगळा राग शिल्लक राहिला होता आणि तो त्यांनी घरच्यांसाठी राखून ठेवला होता. नळ ठिबकत राहिला, पेपरची घडी मोडली, कुणी दार उघडं टाकलं, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मुलगी, म्हणजे जावयाची बायको, तोंडावर उलट उत्तरं द्यायची. आणि पाच-दहा मिनिटांनी तिघं एकाच टेबलाशी बसून, टवके उडालेल्या आपापल्या मगांतून चहा पीत हसत असायची. जावयाला मात्र चहा कपबशीतून यायचा.

लग्नाला तीन वर्षं झाली, तरी ती बशी काही सुटत नव्हती. तो आला की चांगली खुर्ची रिकामी व्हायची, डॉक्टर टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि म्हणायचे, "या, बसा. प्रवास नीट झाला ना?" एकदा त्याच्या हातून बेसिनवरचा आरसा फुटला. डॉक्टर म्हणाले, "असू दे हो, जुनाच होता." तोच आरसा मुलीच्या हातून फुटला असता तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, हे जावयाला चांगलं ठाऊक होतं. त्या रात्री त्याला आरशापेक्षा त्या 'असू दे हो'चंच जास्त वाईट वाटलं.

त्याला कारणही होतं. वडील त्याला आठवतच नव्हते. तो मामाकडे वाढला, आणि तिथे सगळे त्याच्याशी जपून वागायचे. मामेभावांच्या पाठीत धपाटे बसत, याला मात्र बिनबापाचं पोर म्हणून कुणी चढ्या आवाजात हाक मारत नसे. लोकांना यात सुख दिसेल. त्याला त्यात जन्मभराचं पाहुणेपण दिसायचं. निदान बायकोच्या घरी तरी आपण घरचे व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती कुणाला सांगावी कशी हे त्याला कळत नव्हतं. मला जरा ओरडा, असं सासऱ्यांना कोण सांगणार?

घरात मान मिळणारं आणखी एक जण होतं, ती म्हणजे गाडी. बायकोच्याच वयाची. बाकी गाडी बेताची होती, पण चाकं बघण्यासारखी. अॅनोडाइज केलेल्या अलॉयची, मंद सोनेरी झाक असलेली, बारीक बारीक आऱ्यांची. डॉक्टर दर रविवारी छोट्या स्टुलावर बसून ती धुवायचे. कोमट पाणी, साधा साबण आणि दवाखान्यातून उरलेले मऊ टूथब्रश. चाकांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. पण वर्षभरापासून खांदा आखडला आणि रविवार बंद पडले. ब्रेकची काळी भुकटी आऱ्यांवर बसत गेली, सोनेरी रंग दिसेनासा झाला. डॉक्टर खिडकीतून बघायचे आणि खिडकीपासून दूर व्हायचे.

जावयाने ते पाहिलं होतं. म्हणून त्या शनिवारी तिघं डॉक्टरांच्या खांद्याच्या व्यायामासाठी बाहेर पडल्यावर त्याने बाह्या वर केल्या.

जावयाचं दुकान फरश्या, नळ आणि बेसिनचं. सिमेंटचे डाग, गंजाचे ओघळ, वर्षानुवर्षांची पिवळी पुटं, सगळं एका झटक्यात काढणारं एक औषध तो विकायचा. त्या औषधावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि एक कॅन कायम त्याच्या स्वतःच्या गाडीच्या डिकीत असायचा. हातमोजे घालून त्याने मागच्या डाव्या चाकावर ते सढळ हाताने ओतलं.

पहिलं मिनिट सुखाचं गेलं. चाकावर फेस फसफसला, काळं पाणी ओघळून खाली आलं आणि त्यामागे धातू दिसू लागला. जावयाला डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे दिसू लागला. त्याने पाण्याचा पाइप मारला, जुन्या टॉवेलने चाक पुसलं आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं.

चाक वाळत गेलं तसं पांढरं होत गेलं. आधी कडेला, मग आऱ्यांवर, मग मध्यभागी. सोनेरी झाक कुठेच नव्हती. सगळीकडे ताकासारखं पांढुरकं मळभ चढलं होतं आणि जिथून औषध ओघळलं तिथे पट्टे उमटले होते. त्याने पुन्हा धुतलं, पुन्हा पांढरं झालं. मग घाबरून डिकीतलं नळ चमकवायचं पॉलिश घेतलं आणि एक आरा जिवाच्या आकांताने घासला. तो आरा चांदीसारखा लखलखला, त्यामुळे बाकीचं चाक आणखीच आजारी दिसू लागलं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

डॉक्टर चाकापाशी आले. वाकून त्यांनी ते पट्टे बघितले. जावई श्वास रोखून उभा होता. आता, त्याला वाटलं, आता ओरडतील.

"बराच त्रास घेतलात हो," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "उन्हात कशाला बसलात? आत या, पंख्याखाली बसा."

पेशंटांसाठीचा आवाज होता तो.

"बाबा, माझ्यामुळे..."

"असू दे हो. जुनीच गाडी आहे."

जेवताना सासूबाईंनी त्याला न विचारता दोनदा वाढलं. बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. नंतर खोलीत दार लावून ती म्हणाली, "त्या चाकांना मलासुद्धा कधी हात लावू दिला नाही त्यांनी. तुला एवढी अक्कल पाजळायला सांगितली कुणी?"

"तू बोल," तो म्हणाला. "तू बोललीस की बरं वाटतं. त्यांनी एक शब्द काढला नाही."

"मग सुटलास की."

"सुटलो नाही गं," तो पलंगाच्या कडेवर बसत म्हणाला. "हे चाक माझ्या जागी तुझ्या हातून बिघडलं असतं तर?"

त्याच्या हाताला पॉलिशचा काळपटपणा लागला होता, तो बायको ओल्या फडक्याने पुसत बसली.

सकाळी डॉक्टर गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. दुखरा हात मांडीवर होता. जावयाने रात्रभर विचार करून एक उपाय काढला होता, तो घेऊन तो समोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, एक सुचवू का? ते एक चाक वेगळं दिसतंय, म्हणून डोळ्यांना खुपतंय. तर बाकीची तीनही त्याच औषधाने करून टाकतो. निदान चारही सारखी दिसतील."

डॉक्टरांनी हळूहळू मान वर केली.

"काय करतोस?"

"तीनही..."

"अरे गाढवा!" डॉक्टर खुर्चीतून उठले. "एक दात किडला म्हणून तोंडातले सगळे उपटतोस काय? डोकं आहे की बेसिन आहे ते? तो रंग नाही, पुसला आणि पुन्हा लावला! अॅनोडाइज केलंय ते, धातूतूनच वाढवलेली साय आहे ती, दातावरच्या इनॅमलसारखी. अॅसिडने गेली की गेली. पंचवीस-तीस वर्षं मी तिला साध्या साबणाने सांभाळली, आणि तू संडास धुवायचं पाणी ओतलंस तिच्यावर! विचारता येत नव्हतं? मी काय मेलो होतो? आणि वर त्यावर पॉलिश! एकदा चुकलास ते चुकलास, वर हुशारी! आरसासुद्धा असाच फोडलास. दोन वर्षांपूर्वी! लक्ष कुठे असतं तुझं? आणि तुझी गाडी लावतोस ती कायम वाकडी. कायम! तीन वर्षं बघतोय मी!"

पट्टा सुरूच राहिला. सासूबाई ओल्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"अहो, काय हे? जावई आहेत ते."

"तुझे असतील! माझ्या चाकाची वाट लावलीय यानं!"

बायकोही दारात आली होती. ती बापाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. नवरा मान खाली घालून, कान लाल करून उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते. डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं तसे ते वाक्याच्या मध्येच थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता ऐकू आलं असावं. ते पुटपुटले, "म्हणजे, तुम्ही मनाला लावून..."

"नाही बाबा," जावई घाईघाईने म्हणाला. "बोला ना. गाडीचं सांगत होतात."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोंड उघडायला लावून दाढ तपासावी तसं, सावकाश. मग खुर्चीवर बसले.

"वाकडी लावतोस," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, पण मऊ नव्हता. "उजवीकडे जास्त जागा सोडतोस. आता उभा काय राहिलास? आतून कोमट पाणी आण. कोमट. उकळतं आणलंस तर बघ."

ती सगळी सकाळ तीन चाकांत गेली. जावई स्टुलावर, डॉक्टर खुर्चीत. साबणाचं पाणी लाव, थांब, भुकटी भिजू दे. ब्रश गोल फिरव, हिरडी आहे असं समज, खरवडू नकोस. घासून निघत नाही ते पुन्हा भिजव. फडकं बदल, त्याच फडक्याने काय पुसतोस, चरे पडतील. एका आऱ्याला ते दोघं अर्धा तास बसले. दुपारपर्यंत त्या काळ्या थराखालून सोनेरी रंग बाहेर आला, ओळखीचा, थोडासा थकलेला. डॉक्टरांनी चांगल्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं आणि हात मागे घेतला.

"आणि त्याचं?" जावयाने मागच्या डाव्या चाकाकडे बघत विचारलं.

"त्याची उरलीसुरली साय पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने उतरवायची. मग हाताने पॉलिश. चांदीसारखं दिसेल. पण आता ते उघडं आहे, त्याला कवच नाही. महिन्याभरात पुन्हा काळवंडेल, आणि पुन्हा घासायचं. कायमचं." डॉक्टरांनी खांदा चोळला. "मी नाही घासणार."

"मी येईन."

"येशीलच. त्यात सांगतोस काय?"

"भिंतीकडच्या बाजूला बसवू का ते? चटकन दिसणार नाही."

"भिंतीला चिकटून घासणार कसा? अक्कल वापर. आहे तिथेच राहू दे."

मग तो दर महिन्याला यायला लागला. कधी बायकोसोबत, कधी एकटाच. गाडी सरळ लावायला शिकला, म्हणजे डॉक्टरांच्या मते थोडीफार शिकला. चहा बाहेर गाडीपाशीच यायचा, आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बशी ठेवली तर लवंडते, म्हणून सासूबाईंनी कधीतरी त्याच्यासाठीही एक मग काढला. कान तुटलेला होता.

अशाच एका रविवारी शेजारी नव्याने राहायला आलेले गृहस्थ फाटकापाशी थांबले. जावई जुना बनियन घालून, कोपरापर्यंत काळा होऊन चाक घासत होता. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, "कडेचं राहिलंय! मला इथून दिसतंय!"

गृहस्थ कौतुकाने बघत राहिले. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "छान काम करतो हो तुमचा माणूस. बाहेरची गाडी घेईल का? आमचीही चाकं फार खराब झालीत."

जावयाचा हात थांबला, पण त्याने मान वर केली नाही.

"छे हो," डॉक्टर म्हणाले. "हे चाक यानेच घालवलंय, तुमची कशाला त्याच्या हातात देता? आणि तो बाहेरचा नाही. घरचा आहे."

मग स्टुलाकडे वळून म्हणाले, "तू काय ऐकत बसलास? घास."